डॉक्टर हरकारे आणि सुमनच्या बरण्या

रेखा परवा आली तेव्हा तिच्या पिशवीत मेथीची जुडी होती, माझ्या गुडघ्यांचं तेल होतं आणि डॉक्टर हरकाऱ्यांच्या रहस्यकथांचं नवं पुस्तक होतं. रेखा म्हणजे माझ्या आतेबहिणीची, सुमनची मुलगी. इथंच अमरावतीत शाळेवर आहे, आता निवृत्तीला आली. मला मूलबाळ नाही, तेव्हा मुलीसारखं जे काही करायचं ते तीच करते, आणि दर रविवारी येते. हरकाऱ्यांचं नवं पुस्तक निघालं की पहिल्यांदा ती वाचते, मग मला आणून देते. हा कितवा भाग ते मोजणं मी केव्हाच सोडलं. मी परकर-पोलक्यात होते तेव्हा हे डॉक्टर पंचेचाळीस वर्षांचे होते, मुडदा पाहून खुनी सांगायचे. आता माझे दात गेले, मूळ लेखक गेला, दुसरेच कोणी लिहितात, पण डॉक्टर पंचेचाळीसचेच आहेत. "या वेळी मजा नाही मावशी," रेखा म्हणाली. "डॉक्टर स्वतःचीच जुनी फाईल उघडते अन् त्याचीच चूक निघते. असं कुठं असते का? तो चुकत नाही म्हणून तर वाचतो ना आपण!" मी म्हटलं, "चुकत असंल बापा." ती चहा ठेवायला आत गेली आणि मी ते पुस्तक मांडीवर घेऊन तशीच बसले. सध्या लिहिते आहे त्या या आठवणींमधून एक प्रकरण मी गाळायचं ठरवलं होतं. ते आता लिहिते.

माझे बाबा अकोल्याला एका दवाखान्यात चीरघरात कामाला होते. दवाखान्याचं नाव कशाला लिहू, ती माणसंही आता नाहीत. चीरघर म्हणजे जिथं मुडदे चिरतात ती खोली. डॉक्टर साहेब कागदावर लिहायचे आणि हात चालायचे ते बाबांचे. घर शेतकऱ्याचं, पण भावाभावांत वाटण्या होता होता बाबांच्या वाट्याला इतकी जमीन आली की बैल वळवायला दुसऱ्याच्या बांधावर जावं लागे. म्हणून ते अकोल्याला आले, आणि जे काम कोणी घेत नव्हतं ते त्यांना लगेच मिळालं. कापसाच्या जिनिंगचा दुपारचा भोंगा वाजला की आई मागच्या अंगणात चुलीवर पाण्याचं गुंड चढवायची, त्यात निंबाचा पाला टाकायची. बाबा मागच्या फाटकानंच यायचे. अंघोळ होईपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत, आम्हीही त्यांच्याशी बोलायचं नाही, असा घरचा रिवाज होता. निंबाच्या वाफेचा तो कडू वास आला की मला अजूनही वाटतं, आता बाबा बोलतील.

अंघोळ झाली की मात्र माणूस मोकळा व्हायचा. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, वर कच्चं तेल आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, असं जेवून ते ओट्यावर बसायचे आणि म्हणायचे, "हां माय, काढ तुह्या डॉक्टरले." बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सही तेवढी करायचे, तीही चित्र काढल्यासारखी, जीभ बाहेर काढून. वाचनालयातून हरकाऱ्यांचं पुस्तक मी आणायची आणि मोठ्यानं वाचायची. बाबा हसून हसून बेजार व्हायचे. "कोट घालूनच चिरते काय थो? अन् वास? वासाचं काहीच लिहेल नाई? याले एक दिवस वैशाखात आमच्या चीरघरात उभं करा, मंग पाहू किती खुनी धरते तं!" मी चिडायची. आई आतून ओरडायची, "बापलेकी जेवल्याबरोबर मुडदे वाचून राहिले! त्या पोरीचं लगन कोण करन, हरकारे करन काय?"

वस्तीतल्या बाया आमच्याकडं संक्रांतीला यायच्या, हळदीकुंकू लावून घ्यायच्या, आणि हातावर घेतलेला तिळगूळ कोपऱ्यावरच्या बकरीला घालायच्या. मी स्वतः पाहिलंय. आईनंही पाहिलं होतं, पण ती दरवर्षी तितकाच तिळगूळ करायची. बाबांच्या कामातलं घरात काही बोलायचं नाही अशी तिची सक्त ताकीद. एकदा ती लिंबाचं लोणचं घालत होती. बाबांनी बरणीत डोकावून सहज म्हटलं, "मीठ अजून मागून राहिलं थे. तळाशी बसलं पाहिजे." आईनं ती बरणी तशीच उचलून उकिरड्यावर नेऊन ओतली. कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की विषाचा संशय असला की मेलेल्याच्या पोटातले तुकडे बरण्यांत भरून नागपूरला तपासायला पाठवतात, आणि त्या बरण्यांत मिठाचं पाणी भरतात. मीठ विरघळायचं थांबून तळाशी बसेपर्यंत घालायचं. ते पाणी बाबा करायचे. दुर्बिणीखाली बघायचे तुकडे असतात त्यांना वेगळं औषध असतं, फॉर्मलीन. दोन्ही पाण्यासारखी नितळ, दोन्ही एकाच फळीवर. "इतक्या वर्षांत अदलाबदल नाई झाली," बाबा अभिमानानं सांगायचे. मिठाचंच का, औषध का नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

आत्या मूर्तिजापूरला राहायची. तरुणपणीच विधवा झालेली, एकच मुलगी, ती सुमन. सुमनचं लग्न रेल्वेतल्या माणसाशी झालं आणि ती अकोल्यालाच क्वार्टरात आली, म्हणून मला फार आनंद झाला होता. ती माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी. रेखाला कडेवर घेऊन यायची, ओट्यावर पाय सोडून बसायची आणि हरकारे ऐकायची. खुनी कोण ते ती पहिल्या वीस पानांत सांगायची आणि नेहमी चुकायची. "जाऊ दे वं कुसमे," म्हणायची, "मले तं सगळेच चांगले वाटते." नवऱ्याबद्दल फार बोलायची नाही. तो मितभाषी, लवकर तापणारा, सासू जरा कडक. पण त्या काळी कोणाच्या सासरचं यापेक्षा बरं होतं? मी तरी काही विचारलं नाही.

त्या दिवशी भोंगा वाजला, पाणी उकळलं, निवलं, आईनं पुन्हा चढवलं. बाबा आले ते ऊन उतरल्यावर, आणि पुढच्या फाटकानं. तसेच, अंघोळ न करता, घरात येऊन भुईवर बसले. आई किंचाळली, "अहो, हे काय करून राहिले?" बाबा म्हणाले, "सुमन होती." एवढंच.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. सकाळी तिच्या पोटात कळा उठल्या, तोंडाला फेस आला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. दुपारी चीरघरात आणली. बाबांनी चादर उचलली तेव्हा त्यांना कळलं. साहेब माणूस चांगला होता. म्हणाला, तू घरी जा, मी दुसरा कोणी बोलावतो. पण बाबा अडून बसले. आपल्या पोरीला परक्याचा हात लागू द्यायचा नाही, म्हणाले, मीच करतो. आमच्या माणसांचं असंच असतं. मयताला पाणी घालायचं, कपडा नेसवायचा, ते घरच्यानंच. त्यांना ते यातलंच एक वाटलं असावं. त्यांनी सगळं केलं, बरण्या भरल्या, लाख लावून मोहरबंद केल्या, शिपायाच्या हाती दिल्या, आणि शेवटी तिचे केस विंचरून वेणी घातली. वेणीचं आईनं मला फार नंतर सांगितलं.

आत्या आली तेव्हा रडली नाही. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली आणि एकच गोष्ट बोलत राहिली. पंधरा दिवसांपूर्वी सुमन मूर्तिजापूरला गेली होती, म्हणाली होती, माय, मले आठ दिवस राहू दे. आत्यानं दुसऱ्याच दिवशी तिला गाडीत बसवून दिली. लोक काय म्हणतील म्हणून. "भाऊ, तिनं घेतलं का तिले देलं?" आत्या विचारायची. "एवढं सांग मले. घेतलं असंल तं मीनं मारलं तिले." बाबा म्हणायचे, "नागपूरहून कागद येऊ दे. त्यात सगळं येते. बरण्या माह्या हातच्या हाये."

पुस्तकात असा कागद पुढच्या पानावर येतो. आमचा सात-आठ महिन्यांनी आला. त्यात लिहिलं होतं की निष्कर्ष काढता येत नाही. पोलिसांनी फाईल बांधून ठेवली. आत्याच्या जावयानं रेखाला स्वतःजवळच ठेवलं, बडनेऱ्याला बदली करून घेतली आणि आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन निघून गेला. आत्या मूर्तिजापूरला परतली. आणि मी, सोळा वर्षांची शहाणी, मनात म्हणत होते, आपल्याकडं हरकारे असते तर असं झालं नसतं.

मग त्यांचं नवं पुस्तक आलं. बाबांनी बरेच दिवस ऐकणं सोडलं होतं, मीच म्हटलं, चला, बसा. आईलाही बरं वाटलं. मी वाचत गेले. त्यात एका श्रीमंत बाईला विष दिलेलं असतं आणि कागद येतो की निष्कर्ष काढता येत नाही. तरी मी थांबले नाही, मला उत्सुकता होती. शेवटच्या प्रकरणात डॉक्टर चीरघरातल्या नोकरासमोर उभे राहतात आणि म्हणतात, तू बरण्यांत मिठाच्या पाण्याऐवजी फॉर्मलीन भरलंस, त्यानं विष ओळखू येत नाही हे तुला ठाऊक होतं. नोकराला बेड्या पडतात. मी वर पाहिलं. बाबा खाली अंगणाकडं बघत होते. "पुन्हा वाच," म्हणाले. मी पुन्हा वाचलं. "पुन्हा." तिसऱ्यांदा वाचताना मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

"दुसऱ्या दिवशी औषधाचा डबा हलका लागला होता मले," ते हळूच म्हणाले. "अन् मिठाचा कॅन भरेलच होता. मीनं म्हटलं, कोणी भरला असंल. रडून रडून नाक बंद होतं वं माय, वासच नाई आला." मी म्हटलं, "बाबा, हे पुस्तक आहे. खोटं असते हे." ते म्हणाले, "डबा खोटा नव्हता."

दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "दौत-कागद काढ. साहेबाले लिहून देतो." आई चुलीपुढं होती, तिनं मागं वळून पाहिलं नाही. बाबांनी सांगितलं ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "मी लिहून देतो की सुमनच्या बरण्यांत माह्या हातून मिठाचं पाणी न भरता औषध भरल्या गेलं. चूक माही हाये. साहेबाची नाही. पोलिसाईनं फाईल पुन्हा उघडावी, अन् तिच्या मायले खरं काय थे सांगावं. मले जे शिक्षा द्याची थे द्यावी." ते बोलत होते आणि मी लिहीत होते. पण लिहीत होते ते दुसरंच. शाळेत आम्हाला अर्ज शिकवला होता, मला तेवढा एकच येत होता. माझी प्रकृती ठीक नसल्याने मला चार दिवसांची रजा मिळावी ही नम्र विनंती. बाबा म्हणाले, "वाचून दाखव." मी कागद समोर धरला आणि त्यांनी सांगितलं होतं ते त्यांना पाठावरून वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि जीभ बाहेर काढून सही केली.

मी का केलं? लोक म्हणतील नोकरी जाईल म्हणून, दवाखान्याचं घर जाईल म्हणून. तेही असेल. पण खरं म्हणजे मला बेड्या दिसत होत्या. पुस्तकातल्या नोकराला पडल्या त्याच. जगात चुकीला एक कागद लागतो आणि गुन्ह्याला दुसरा, हे मला कुठं माहीत होतं? मला कायदा माहीत होता तो सगळा हरकाऱ्यांचा. आज वाटतं, साहेबानं फार तर रागावलं असतं, शेरा मारला असता. आणि कोणी धड मनावर घेतलं असतं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जबान्या पुन्हा झाल्या असत्या, सुमनच्या क्वार्टरात त्या दिवशी काय घडलं ते विचारलं असतं. तेव्हा ते सगळं ताजं होतं.

दुपारी बाबा आले ते हलके होऊन. अंघोळ केली, जेवले. "साहेबानं वाचलं," म्हणाले. "माह्याकडं पाहिलं, सही केली, म्हणे, जा, घरी जाऊन चार दिवस आराम कर. एका शब्दानं रागावला नाई. देवमाणूस हाये." आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं ते मूर्तिजापूरला गेले आणि बहिणीच्या पायावर डोकं ठेवून सगळं सांगून आले. लिहून दिलंय, म्हणाले, आता फाईल उघडते.

तिथून आत्या वाट पाहायला लागली.

बाबांनी फार काळ पाहिली नाही, तीन-चार वर्षांत ते गेले. जाताना मनावर काही नव्हतं त्यांच्या, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. माझं लग्न होऊन मी अमरावतीला आले. आत्या डोळ्यांसाठी, गुडघ्यांसाठी, कधी नुसतीच रेखाला भेटायला जवळच्या बडनेऱ्याला यायची, तशी माझ्याकडंही यायची. दारातून आत येऊन पाणी पिऊन झालं की पहिला प्रश्न, "कुसमे, अर्जाचं काय झालं वं? तू लिहेल होता ना थो? तुलेच पुसतीन ना थे लोक." पहिल्या वेळी मी म्हटलं, साहेब बदलले आत्या, नवे आले, ते बघून राहिले. ती म्हणाली, "असं व्हय," आणि भात जेवून गेली. पुढच्या वेळी मी म्हटलं, फाईल नागपूरला गेली. त्याच्या पुढं, तिथं नवीन यंत्र आलं, जुन्या बरण्या पुन्हा तपासणार. यंत्र हरकाऱ्यांच्या नव्या पुस्तकातलं होतं. एक शिपाई फितूर झाला होता तो निलंबित झाला, तोही पुस्तकातलाच. तिकडं हरकाऱ्यांचा भाग निघायचा आणि इकडं माझा. आत्या परत जाताना नेहमीपेक्षा ताठ चालायची. मी मनाला सांगायची, म्हातारी जगते आहे ना यावर, मग बिघडलं कुठं?

शेवटच्या दुखण्यात मी तिला माझ्याकडं आणलं. अंगात काही राहिलं नव्हतं, पेज घशाखाली जात नव्हती. रेखा रोज शाळा सुटल्यावर येऊन बसायची. तिचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. एका दुपारी मी आत्याचं अंग पुसत होते. तिनं माझं मनगट धरलं. "आता सांगून टाक," म्हणाली. "काय निघालं? घेतलं का देलं?"

मला काय माहीत होतं? मला आजही माहीत नाही. कोणालाच नाही. सुमननं घेतलं असेल, कोणी दिलं असेल, आदल्या रात्रीच्या शिळ्या अन्नात काही असेल. पण त्या खाटेवर पडलेल्या बाईचं तोंड समोर होतं, आणि तिला आयुष्यभर वाटत होतं की आपण पोरीला परत धाडली म्हणून ती मेली. मी म्हटलं, "कागद आला आत्या. तिनं नाही घेतलं. तिले देलं." आत्यानं डोळे मिटले. इतका वेळ मिटले की मला वाटलं गेलीच. मग म्हणाली, "मीनं नाई मारलं मंग." आणि रडली. सुमन गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

इथं संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पण संध्याकाळी रेखा आली आणि आत्यानं तिला जवळ ओढून सांगितलं, "तुही माय तुले टाकून नाई गेली वं. तिले देलं. कुसुमनं कागद वाचला." रेखानं माझ्याकडं पाहिलं. आत्या तिथं पडलेली, तिचा हात रेखाच्या हातात. मी मान हलवली. तेवढंच केलं मी, मान हलवली.

रेखानं त्या दिवसापासून बापाचं तोंड पाहिलं नाही. त्या माणसानं दुसरं लग्न केलं नव्हतं. त्याची म्हातारी आई लवकरच गेली, मग ड्युटी सांभाळून एकट्यानं तिला वाढवली, शाळेत जाताना तिच्या वेण्या तो घालायचा, वाकड्यातिकड्या, हे रेखानंच मला लहानपणी हसत सांगितलं होतं. आत्याच्या तेरवीला तो आला होता. मांडवात शेवटच्या पंगतीत बसला. रेखा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, त्याईले म्हणा उठा म्हणून. माह्या आजीच्या तेरवीचं त्याईनं जेवू नये." माझ्या हातात वरणाची बादली होती. मी वाढत वाढत त्याच्यापर्यंत गेले, त्यानं पत्रावळ जरा पुढं सरकवली, आणि मी त्याला गाळून पुढच्या माणसाला वाढलं. तो थोडा वेळ बसला. मग उठला, कोरड्या हातांनीच.

तो अजून आहे. बडनेऱ्याला, ऐंशीच्या घरात, एकटा. कमी दिसतं म्हणतात. रेखाच्या घरापासून ऑटोनं वीस मिनिटं. मी कित्येक रविवारी तोंड उघडलं आणि मेथी निवडायला घेतली. बोलून माझ्याच्यानं होत नाही, म्हणून लिहिलं. येत्या रविवारी ती येईल तेव्हा ही पानं आधी तिच्या हातात देणार, छापायचं मग पाहू. वाचून ती काय म्हणेल ते मला कळत नाही. बहुतेक उठून जाईल. माझ्याकडं पुन्हा नाही आली तरी चालेल. बडनेऱ्याला गेली पाहिजे.